तारा बदलल्या, हात तोच राहिला

आज बचतीच्या वहीपासून सुरुवात करून आम्ही तुम्हाला थेट समुद्रापलीकडच्या हवाई बेटांवर नेणार आहोत. कारण आमच्या गटापुढे मध्यंतरी एक कर्जाचा अर्ज आला, आणि तो समजून घेता घेता आम्हालाच बरंच शिकायला मिळालं.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बारावीला होती. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये तिचा डावा हात गेला. अंगठा आणि दोन बोटं वाचली, पण अनामिका आणि करंगळी गेली. आधी ती मंदिरात भजनाला पेटी वाजवायची. ते थांबलं. पोरगी बोलेनाशी झाली. तिचे मामा मुंबईला गिरणीत होते. चाळीत राहताना ते हवाईयन गिटार शिकले होते. ते गावी आले तेव्हा पोतडीत गुंडाळलेली ती जुनी गिटार घेऊन आले आणि तिच्या मांडीवर आडवी ठेवली.

ही गिटार छातीशी धरत नाहीत. ती मांडीवर पाटासारखी ठेवतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या, आणि डाव्या हातात बोटाएवढी जाड पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. बोटांनी तार दाबायचीच नाही. कांडी धरायला अंगठा आणि पुढची दोन बोटं पुरतात. म्हणजे पोरीकडे जेवढं उरलं होतं, तेवढंच लागत होतं.

ही तऱ्हा हवाई बेटांवर जन्मली. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने 1889 च्या सुमारास ती शोधली असं मानतात. पुढे 1893 मध्ये तिथल्या राणीचं राज्य उलथवलं गेलं आणि 1898 मध्ये बेटं अमेरिकेत सामील केली गेली. राज्य गेलं, पण तिथले वादक हे वाद्य घेऊन जगभर फिरले. विजेवर चालणारी, बाजारात चांगली खपलेली पहिली गिटार हीच मांडीवरची होती. 1932 च्या सुमारास ती विक्रीला आली. गोल अंग आणि लांब दांडा बघून लोकांनी तिला नाव दिलं 'फ्राइंग पॅन', म्हणजे आपला दांड्याचा तवा!

आता अडचण ऐका. कांडी सरळ असते. ती एकाच आडव्या रेषेवर टेकते. साध्या गिटारवर एक बोट इथे, दुसरं तिथे ठेवून चार वेगळे सूर एकत्र काढता येतात. इथे ते होत नाही. मामांच्या गिटारच्या तारा तीनच सुरांत लावलेल्या होत्या. गाण्याची चाल त्यावर गोड वाजायची, पण जॅझ संगीतात चार-पाच सूर एकत्र मिसळतात, ते त्यातून निघेनात. पोरीला मोबाइलवर ऐकलेले नेमके तेच सूर हवे होते.

हवाईच्या वादकांनाही हीच अडचण आली होती. सोल होओपिई हा त्यांच्यातला नावाजलेला वादक. 1920 च्या दशकात तो अमेरिकेत जॅझ वाजवू लागला आणि त्याने तारा वेगळ्या सुरांत लावून पाहिल्या. पुढे सहा तारांची एक जुळणी पुष्कळ वादकांनी उचलली. जाड तारेकडून बारीक तारेकडे ती अशी असते: सा, ग, प, ध, सा, ग.

घरी पेटी असेल तर करून बघा. पांढरी एक हा सा धरा. सा, ग, प एकदम दाबा. आता त्यात ध मिळवा. आवाज भरलेला, थोडा रेंगाळणारा होतो. हेच सूर दाबून ठेवा आणि खाली मंद्रातला ध वाजवा. सूर तेच आहेत, पण त्यांचा भाव उदास झाला. एकच बाई सासरी सून असते आणि माहेरी लेक, तसंच हे. सोबत कोण आहे त्यावर ओळख ठरते.

जुळणी बदलायला पोरीने तारा पिळायला घेतल्या आणि एक तार तुटून थेट गालाला लागली. मग कळलं की बारीक बाजूच्या तीन तारांना फारसा धक्का लागत नाही, पण जाड बाजूच्या तीन तारा एवढ्या वर चढत नाहीत. तिथे कमी जाडीच्याच तारा लागतात. त्या तारा, चांगली कांडी आणि आवाज मोठा करणारा लहान स्पीकर, असा मिळून 4,500 रुपयांचा अर्ज तिच्या आईने गटाकडे केला.

बैठकीत गोंधळ झाला. "म्हस घेतली तर दूध देती. हे वाजवून काय निघनार हाय?" एक आत्या म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. आमच्या नियमात शेळी, म्हैस, शिलाई मशीन, दवाखाना आणि शाळेची फी एवढंच लिहिलेलं होतं. अर्ज परत करावा असंच आम्हालाही वाटत होतं.

तेव्हा पोरगी म्हणाली, "एकदा ऐका तरी." तारा तिने मैत्रिणीकडून उसने पैसे घेऊन आणल्या होत्या. भजनी मंडळाच्या काकूंना ती म्हणाली, "काकू, तुम्ही पेटीवर खालचा एकेकच सूर द्या. आधी रे, मग प, मग सा." काकूंनी रे दिला. पोरीने कांडी पाचव्या रेषेवर ठेवली आणि वरच्या तारा छेडल्या. काकूंनी प दिला. कांडी जागची हलली नाही, तरी आवाज पुढे ओढ घेऊ लागला. मग काकूंनी सा दिला. कांडी दोनच रेषा सरकून सातव्या रेषेवर गेली, वरच्या तीन तारांतून ग, प, नि निघाले, आणि उन्हातून दमून आल्यावर ओसरीवर टेकावं तसं वाटलं. जॅझमधली पुष्कळ गाणी याच वाटेने घरी येतात.

सगळं सुबक वाजलं असं नाही. कांडीच्या मागे तारांची खरखर होते. ती दाबायचं काम खरं तर अनामिका आणि करंगळीचं. पोरगी उजव्या तळव्याने तार दाबून भागवते. कधी जमतं, कधी नाही.

काकू म्हणाल्या, "आयुष्यभर पेटी वाजवली, पण माझ्या एका सुराने दुसऱ्याच्या सुराचा अर्थ बदलतो हे आज कळलं."

आपल्याकडे हे अगदीच नवं नाही, बरं का. गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकलेले वादक मुंबईत आले, हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. तिथे सुरांचे असे मेळ त्यांनीच रुजवले. हवाईचे टाऊ मो आणि त्यांच्या पत्नी रोझ 1940 च्या दशकात काही वर्षं कोलकात्यात राहून वाजवत-गात होते. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी तर याच मांडीवरच्या गिटारवर राग वाजवले.

शेवटी हात वर करून मत घेतलं. सात बाया हो म्हणाल्या, चार नाही. कर्ज मंजूर झालं. व्याज सगळ्यांना आहे तेवढंच, हप्ते दहा. त्या दिवशी नियमाच्या वहीत आम्ही एक ओळ वाढवली: 'सदस्याच्या घरातल्या व्यक्तीचं शिक्षण किंवा कला, गटाने ऐकून-पाहून ठरवल्यास.' ऐकून-पाहून हे शब्द नाही म्हणणाऱ्या आत्यांनीच घालायला लावले.

तीन हप्ते आले आहेत. पोरीची अजून कमाई नाही. हप्ता आईच्या शिवणकामातून येतो. पण एकादशीच्या भजनाला ती काकूंच्या शेजारी बसते आणि घरी पुन्हा बोलू लागली आहे.

मैत्रिणींनो, तिचा हात आहे तसाच आहे. त्या हाताला जमेल अशा तारा लावल्या, एवढंच झालं. तुमच्या गटात असा एखादा अर्ज परत गेला असेल, तर पुढच्या बैठकीत तो एकदा बाहेर काढा आणि त्या बाईला म्हणा, "ये, एकदा ऐकव तरी."