बेग, बेगम आणि बेगमी

माझे आडनाव बेग. माझे वडील आर्वीला जिनात कापसाच्या गाठी उचलत. हजेरी घेणारे मुनीमजी हाक मारत, "चला बेगसाहेब, गाठ उचला!" लहानपणी मला वाटे, केवढा हा मान! कॉलेजात गेल्यावर शब्दाचा अर्थ कळला आणि त्या हाकेतली थट्टाही कळली.

‘बेग’ हा मूळचा तुर्की शब्द. अर्थ सरदार. मंगोलियातल्या आठव्या शतकाच्या ओर्खोन शिलालेखांत तो आढळतो. समरकंदच्या उलुगबेगाने (१३९४-१४४९) हजारावर ताऱ्यांचे कोष्टक तयार करवले. ‘उलुगबेग’ म्हणजे थोर सरदार. त्याचे मूळ नाव मुहम्मद तारागाय. ते आज किती जणांना माहीत आहे? पदवीने नावच गिळून टाकले.

तुर्कस्तानात ‘बेग’चा ‘बे’ झाला. १९३४ साली तिथे कायदा करून अशा पदव्या रद्द केल्या गेल्या. पण लोकांच्या तोंडून त्या काही गेल्या नाहीत. अहमद नावाच्या गृहस्थाला आजही ‘अहमद बे’ म्हणतात. आपल्या ‘राव’चे तेच झाले. राव म्हणजे राजा. पण गणपतराव व्हायला राज्य लागत नाही.

आर्वीकरांना हे नवे नाही. आमचे गाव तेलंगराव वलींचे. हिंदू त्यांना ब्राह्मण म्हणत, मुसलमान त्यांना मुसलमान म्हणत आणि दोघेही त्यांच्या समाधीपुढे माथा टेकत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. एकाच नावात ‘राव’ आणि ‘वली’ सुखाने नांदतात.

पहिली कविता छापायला पाठवताना मी आडनाव गाळायचे ठरवले होते. वडील म्हणाले, "कायले काढतो बाप्पा? गाठीपेक्षा जड आहे का ते?" आडनाव राहिले.

‘बेग’ला ‘माझा’ या अर्थाचा तुर्की प्रत्यय लागून ‘बेगम’ झाले. म्हणजे मुळात ‘माझे स्वामी’. पुढे ते थोर घरच्या स्त्रीसाठीच उरले. आमची आई मतदारयादीत साधी ‘बी’च राहिली, बेगम कधी झाली नाही.

मराठीत मात्र आणखी एक शब्द आहे, बेगमी. दिसायला बेगमची बहीण, पण कूळ वेगळे. हा फारसी शब्द आहे. गम म्हणजे दुःख, चिंता. ती नाही तो बे-गम. संत रविदासांचा बेगमपुरा हाच. तिथे कोणी बेगम राहत नाही, तिथे दुःख राहत नाही. आपण मराठी माणसांनी त्या निश्चिंतीला धान्याचा वास दिला. वर्षाचे दाणे घरात आले, की बेगमी झाली.

दिवाळीनंतर ज्वारीची ढोली भरली, की आई तिच्यावर हात फिरवून म्हणायची, "झाली बेगमी." त्या रात्री तिला शांत झोप लागे. सरदारकीचे दोन शब्द आमच्या घराण्याच्या वाट्याला आले. घराला उपयोगी पडला तो हा तिसराच.