माळढोकाचा कागद



विषयाचे नाव वाचून आज पक्ष्यांच्या गोष्टी ऐकावयास मिळतील, असे काहींना वाटले असेल. पक्षी एकच आहे. बाकी सगळे कागद आहेत.

माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या माळावर, आणि सुमारे 27 दिवस उबविते. कुत्र्याने ते नेले की त्या विणीचे काही उरत नाही. अशा पक्ष्यासाठी 1979 साली सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून 8,496 चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. त्या रेषेच्या आत शेते आली, गावे आली, बाजारपेठाही आल्या. जमिनीचे व्यवहार अडले. ज्याने माळढोकाला कधी खडा मारला नव्हता, तो शेतकरीही या पक्ष्याच्या नावाने बोटे मोडू लागला; आणि आम्ही त्याला दोष देणार नाही.

चूक उघड होती. तरी क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरांवर यावयास तीस वर्षांहून अधिक काळ गेला. सीमा बदलावयाची तर राज्याने प्रस्ताव पाठवावा, राष्ट्रीय मंडळाने शिफारस करावी, आणि 2000 सालापासून सर्वोच्च न्यायालयाची अनुमतीही हवी. या पायऱ्या काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्या नसत्या तर पुष्कळ अरण्ये केव्हाच विकली गेली असती! आमची तक्रार आहे ती दोन पायऱ्यांच्या मध्ये कागद जो मुक्काम ठोकतो, त्याविषयी.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे घातलेले कलम 25 अ पाहा. लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी शक्यतो दोन वर्षांत संपवावी, असे ते सांगते. आणि न संपली तरी अधिसूचना रद्द होत नाही, हेही सांगते. रद्द होऊ नये, हे ठीकच. जनावरांचे हित त्यात आहे. पण मुदत चुकली तर कोणाच्या टेबलावर, किती दिवस आणि कशासाठी, हे लेखी देऊन गावच्या चावडीवर लावावयास काय हरकत आहे? गावकऱ्यांचे म्हणणे ऐकण्याचे दिवस मात्र कापू नयेत. ते आधी नीट ऐकले असते, तर कदाचित पुढचा निम्मा खटाटोप वाचला असता.

राजस्थानात 2019 साली माळढोकाची अंडी उचलून पिल्ले वाढविण्यास प्रारंभ झाला. तोवर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एखाद-दुसराच पक्षी दिसत होता.