छडी राहिली शिकागोला

विनोदी कार्यक्रमात पाहुणा म्हणून बोलावलेला मोठा माणूस बहुधा अवघडून बसलेला दिसतो. एक पाहुणा मात्र याला अपवाद ठरला. तो प्रसंग आज सांगतो.

२५ डिसेंबर १९७१. बीबीसीवर एरिक मोरकम आणि एर्नी वाइज या जोडीचा नाताळचा खास कार्यक्रम होता. एरिक उंच, चष्मेवाला, वात्रट. एर्नी बुटका आणि भारी शिष्ट. पाहुणे होते लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख संचालक आंद्रे प्रेव्हिन. लेखक एडी ब्रेबन हे एके काळी लिव्हरपूलच्या मंडईत फळं विकत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

कबूल केलेले यहुदी मेन्युहिन काही येत नाहीत. ग्रीगचा पियानो कन्चेर्टो वाजवायला उभा राहतो एरिक! प्रेव्हिन निघूनच जायला लागतात. कशीबशी समजूत घातल्यावर म्हणतात, ठीक आहे, माझी छडी घेऊन येतो. आणि क्षणभर थांबून सांगतात, ती शिकागोला आहे.

प्रेक्षक कोसळले. एरिकने हवेत मूठ मारली, हा आपल्यातला निघाला म्हणून! तो आनंद मला निव्वळ अभिनय वाटत नाही. कारण प्रेव्हिन यांची आई आजारी होती. त्यांना मध्येच अमेरिकेला जावं लागलं आणि तालमी जेमतेम झाल्या. परतताना विमानतळावरून येणाऱ्या टॅक्सीत, बॅटरीच्या उजेडात, त्यांनी संवाद पाठ केले होते. तालमीवाचून पाऊल न टाकणाऱ्या एरिकचा जीव किती टांगणीला लागला असेल! तीन वर्षांपूर्वीच, १९६८ साली, त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

पुढची गंमत संगीत जाणणाऱ्याला दुप्पट कळते. या कन्चेर्टोत नगाऱ्यासारखा घुमारा होतो न होतो तोच पियानो कडाडून उठतो. संचालकाशेजारी उभा असलेला एरिक पियानोपर्यंत पोहोचतच नाही. तो म्हणतो, सुरुवात गजभर लांबवा! शेवटी बसतो आणि भलतंच वाजवतो. प्रेव्हिन हरकत घेतात, तेव्हा त्यांच्या कोटाची कॉलर धरून ठणकावतो, की सूर सगळे बरोबरच आहेत, क्रम तेवढा वेगळा असेल. आपल्याकडे एखाद्या गवयाने सम चुकवून वर तबलजीलाच दटावावं, तसा हा प्रकार.

प्रेव्हिन एकदाही, मी गंमत करतोय बरं का, असं दाखवत नाहीत. त्यांचा राग अस्सल संचालकाचा आहे. हसू येतं ते त्यामुळेच. एरिक नुसता माकडचेष्टा करत राहिला असता, तर पाच मिनिटांत कंटाळा आला असता.

एरिक १९८४ साली गेला, एर्नी १९९९ साली. प्रेव्हिन २०१९पर्यंत होते. जगभरच्या वाद्यवृंदांचं संचालन केलं, ऑस्कर मिळवले. पण एरिकने त्या रात्री त्यांचं नाव मुद्दाम चुकवून 'प्रिव्ह्यू' केलं होतं. लंडनचे टॅक्सीवाले पुढे कित्येक वर्षं त्यांना 'मिस्टर प्रिव्ह्यू' म्हणूनच हाक मारत.