वयाची नोंद
(हीरक महोत्सवी समारंभात शाळेच्या एका माजी शिक्षिकेने केलेले भाषण)



संस्थेला साठ वर्षे झाली की आपण हीरक महोत्सव करतो. माणसाला साठ झाली की हाती शाल-श्रीफळ देऊन ‘आता आराम करा’ म्हणतो. आकडा एकच, परंतु एकीकडे तो भरभराटीची खूण ठरतो, दुसरीकडे आवराआवरीची. हा भेद निसर्गाने केलेला नाही. शरीराला वय असते हे खरे. पण त्या वयाचा अर्थ काय लावावा, हे भोवतालचा समाज ठरवतो आणि त्या कामाची पहिली कचेरी म्हणजे शाळा. या शाळेत प्रवेशाची नोंदवही मी भरीत असे, म्हणून हे थोडे अधिकाराने आणि थोडे अपराधी मनाने सांगते.

१९६८ सालचा जून. मी नुकतीच रुजू झाले होते. एक आई मुलाला घेऊन आली. जन्मतारीख विचारली, तर म्हणाली, “चीनशी लढाई चालली होती ना बाई, त्या दिवाळीत झाला. पाडव्याच्या पहाटे.” जन्माचा दाखला नव्हता, तेव्हा फार थोड्यांकडे असे. शिरस्त्याप्रमाणे मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितले. बोटे कानाला लागली. म्हणजे मूल शाळेच्या वयाचे! पण दिवाळी धरली तर सहा वर्षे पुरी होत नव्हती. मी वहीत लिहिले : १ जून १९६२. त्या वहीत १ जूनला जन्मलेली मुले इतकी आहेत, की इतर दिवशी बडोद्यात कोणी जन्मालाच येत नसावे असे वाटते.

तो मुलगा पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत लागला. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी तेथे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे २०२२ रोजी तो घरी बसला. पेढे घेऊन माझ्याकडे आला आणि हसत म्हणाला, “बाई, माझे पाच महिने तुमच्याकडे राहिलेत.” मीही हसले. त्या दिवाळीनंतर त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. पाच पगार ही लहान गोष्ट नव्हती. परंतु जाता जाता तो जे बोलला, ते मला अधिक लागले. “परवापर्यंत लोक मला कामाबद्दल विचारीत होते, आता गुडघ्यांबद्दल विचारतात.”

त्याचे गुडघे उत्तम आहेत, हे सांगायला हवे.

ज्या वर्षी तो जन्मला, त्याच वर्षी केंद्र सरकारने निवृत्तीचे वय ५५ वरून ५८ केले; १९९८ साली ते ६० झाले. पंचावन्नाव्या वर्षी थकणारी माणसे अचानक साठीपर्यंत धडधाकट झाली, असे थोडेच आहे? तारुण्याचेही तसेच. मतदानाचे वय १९८९ साली २१ वरून १८ झाले आणि कालची ‘पोरे’ मतदार झाली. आपल्या बडोद्याचाच दाखला घ्या. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. मोठे काम, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यात मुलग्यांसाठी ७ ते १२ वर्षे ठरली आणि मुलींसाठी ७ ते १०. मुलीचे शिकण्याचे बालपण दोन वर्षे आधी संपे, आणि तिला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

आजही फारसे विचारत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला सकाळी आपण म्हणतो, “आता लहान राहिली नाहीस, नीट बस”, संध्याकाळी ती सहलीला जाण्याची परवानगी मागते, तेव्हा म्हणतो, “अजून लहान आहेस.” एका दिवसात दोन वये तिने कशी पेलावीत? आणि तिच्याच आजीला आपण मोबाइल हातात घेतला की म्हणतो, “राहू द्या, तुम्हाला नाही जमायचे.” आजी दोनदा ऐकते, तिसऱ्यांदा स्वतःच म्हणते, “मला नाही जमायचे.” माझ्याही बाबतीत हे घडले आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मी वर्गात किती वेळा हसत शिकवली असेल! स्वतःची साठी उलटल्यावर मात्र चष्मा सापडेना, की आधी तीच आठवू लागली. वास्तविक चष्मा तर मी तिशीतही हरवत असे.

गुजरातेत सरकारी कर्मचारी आज ५८व्या वर्षी निवृत्त होतो. धोंडो केशव कर्वे १९१६ साली त्याच वयाचे होते, आणि त्या वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. सत्तरी ओलांडल्यावर ते जगप्रवासाला निघाले. सगळ्यांनी कर्वे व्हावे असे मी म्हणत नाही. कित्येकांना विसावा हवा असतो, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण तो मागितल्यावर द्यावा. न मागता दिलेला विसावा हाही एक प्रकारे नावावर मारलेली काटच असते.

परवा तो विद्यार्थी पुन्हा भेटला. त्याच्या आईने १ जून कधीच मानला नाही. ती होती तोवर दरवर्षी पाडव्यालाच त्याला ओवाळीत असे. आता त्याची नात ओवाळते. शनिवारी तो आपल्या शाळेत पाचवीच्या मुलांना गणित शिकवायला येतो. आपल्या कार्यालयाने अर्जावर त्याचे वय विचारले, तेव्हा त्याने विचारले म्हणे, “कोणते लिहू?”

ती जुनी नोंदवही आज शेजारच्या खोलीत प्रदर्शनात मांडली आहे. १९६८ पासूनचे बरेच अक्षर माझे आहे. ज्यांची तारीख मी चुकीची लिहिली असेल, त्यांनी खुशाल येऊन खरी सांगावी. वहीत खाडाखोड करता येणार नाही. मात्र मी सोबत एक कोरी वही आणली आहे आणि संध्याकाळपर्यंत तेथेच बसणार आहे.