परिचारिका विद्यालयाची निवड : निकालाचा आकडा आणि त्यामागील हिशेब

(कोपरगाव येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व पालक यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कच संजीवनी विद्या शिकण्यासाठी त्यांच्याकडे आला, ही कथा येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. या कथेचा शेवट मात्र आपण सहसा विसरतो. कचाने विद्या मिळविली; पण देवयानीचा शाप असा पडला की, ती विद्या त्याला स्वतःला फलद्रूप होणार नाही. वर्षानुवर्षे राबून मिळविलेली विद्या हाती असावी आणि ती वापरण्याचा अधिकार मात्र नसावा, असा तो प्रकार. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यात हाच शाप आपल्या भागातील काही मुलींच्या वाट्याला आलेला मी पाहिला आहे. त्यांतील एक मुलगी माझी सख्खी भाची आहे.

ती बारावी झाली तेव्हा तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, एका संस्थेचे छापील माहितीपत्रक घेऊन माझ्या कार्यालयात आले. गुळगुळीत कागद, पांढऱ्या पोशाखातील हसऱ्या मुलींचे छायाचित्र आणि वर ठळक अक्षरांत ‘निकाल १०० टक्के’. माझा व्यवसायच प्रसिद्धीचा. असली पत्रके मी आयुष्यभर लिहीत आलो आहे. तरीही ते पत्रक हातात धरून मी म्हणालो, ‘‘संस्था चांगली दिसते, भाऊजी. घाला मुलीला.’’ त्यांनी कांद्याचे आलेले पैसे भरले. दीड वर्षाने मुलीच्या हातात प्रमाणपत्र पडले. ते घेऊन ती नोंदणीसाठी चौकशीला गेली, तेव्हा कळले की तो अभ्यासक्रम परिचर्या परिषदेच्या नोंदणीस पात्रच नव्हता. परीक्षा संस्थेची, परीक्षक संस्थेचे आणि निकालही संस्थेचाच. असा निकाल शंभर टक्के लागणार नाही तर काय होईल! संस्थेचे नाव मी घेत नाही. चूक माझीही होती आणि ती एका प्रश्नाने टळली असती.

तो प्रश्न असा : या निकालाच्या आधारे मुलीचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत चढेल काय?

नोंदणीची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि राज्यात सध्याची व्यवस्था १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमावर उभी आहे. २०२३ साली संसदेने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. कायदे बदलतील, मंडळांची नावे बदलतील. नोंदणीवाचून परिचारिका म्हणून नोकरी नाही, हे सूत्र मात्र कायम आहे.

याहीपूर्वीचा एक इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदनाच्या कार्यास आरंभ केला आणि पुढे विधवा व परित्यक्ता स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था केली. त्या काळी भल्या घरच्या बाईने परक्याच्या अंगाला हात लावणे हेच अब्रह्मण्यम् होते. शिक्षण द्यायचे ते खऱ्या रुग्णालयात, खऱ्या रुग्णांच्या खाटेपाशी, हे तेव्हा ठरले. ते आजही तितकेच खरे आहे.

आता आजची व्यवस्था पाहू. प्रामुख्याने तीन वाटा आहेत. ए.एन.एम. म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका, मुदत दोन वर्षे. आपल्या उपकेंद्रांतील बहुतेक भगिनी याच वाटेने आल्या. जी.एन.एम. म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसाविका पदविका, मुदत तीन वर्षे. आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. कला शाखेच्या मुलीला पहिल्या दोन वाटा मोकळ्या आहेत, हे शिक्षकांनी दहावीच्या वर्गातच सांगावे. पदवीची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. या विद्यापीठाची स्थापना १९९८ ची. पदविकेच्या परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आहेत. अभिमत विद्यापीठे स्वतःच्या परीक्षा स्वतः घेतात. लोणीची प्रवरा वैद्यकीय संस्था २००३ पासून अशी अभिमत विद्यापीठ आहे. यात गैर काही नाही. परंतु एका परीक्षेचा निकाल दुसऱ्या परीक्षेच्या निकालाशेजारी ठेवून ‘इथे ९५, तिथे ८८’ अशी तुलना करता येत नाही, कारण मापच निराळे आहे.

अमेरिकेत हा घोटाळा एका परीने मिटविलेला आहे. तेथे विद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेला परवान्यासाठी एक स्वतंत्र, देशभर समान असलेली परीक्षा द्यावी लागते. १९८२ पासून तिला एन.सी.एल.ई.एक्स. असे नाव आहे आणि १९९४ पासून ती संगणकावर होते. कोणत्या विद्यालयाचे किती विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले, ते राज्यांची परिचर्या मंडळे जाहीर करतात. कॅलिफोर्नियात हे प्रमाण ७५ टक्क्यांखाली जाऊ देता येत नाही. फिलिपिन्समध्येही परवाना परीक्षेचे विद्यालयवार निकाल प्रसिद्ध होतात. तेथील बापाला एका तक्त्यावर सारे दिसते. आपल्याकडे नोंदणी ही अंतिम परीक्षेच्या निकालावर होते, त्यासाठी वेगळी परवाना परीक्षा नाही. म्हणून आपल्याला तो तक्ता स्वतःच मांडावा लागतो, आणि तो कसा मांडावा हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

समजा, एका विद्यालयात एका वर्षी ४० मुलींनी प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाअखेर काही मागे पडल्या, काही सोडून गेल्या. तिसऱ्या वर्षी अंतिम परीक्षेस बसल्या २६. त्यांपैकी उत्तीर्ण झाल्या २५. विद्यालय जाहिरातीत लिहिते, ‘निकाल ९६ टक्के’. हे खोटे नाही. पण तुम्ही प्रवेश घेणार आहात तो ४० मधली एक म्हणून, २६ मधली एक म्हणून नव्हे. ४० पैकी २५ म्हणजे साडेबासष्ट टक्के. उरलेल्या १५ मुलींच्या बापांनीही पैसे भरलेच होते. कच्च्या मुलींना परीक्षेस बसूच न देण्याची युक्ती जुनी आहे; शिक्षक मंडळींना ती दहावीच्या निकालावरून माहीत असेलच. (हशा.) म्हणून विद्यालयात गेल्यावर टक्केवारी विचारू नका, आकडे विचारा. प्रवेश किती, परीक्षेस बसल्या किती, पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण किती, आणि त्यांतील किती जणींची परिषदेकडे नोंदणी झाली. चांगले विद्यालय ही चार उत्तरे देताना अडखळत नाही.

एकाच वर्षाचे आकडे घेऊन चालत नाही. वीस मुलींच्या तुकडीत परीक्षेच्या दिवशी एक मुलगी तापाने आजारी पडली, तरी निकाल पाच टक्क्यांनी उतरतो. तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहिले म्हणजे असा योगायोग झाकला जातो आणि विद्यालयाची खरी रीत दिसू लागते.

इतके करूनही निकाल सर्व काही सांगतो असे मात्र मी म्हणणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एक प्रकरण उघडकीस आले. तीन विद्यालयांनी ७,६०० हून अधिक बनावट परिचारिका पदविका विकल्या होत्या. त्या घेतलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण पुढे ती कडक परवाना परीक्षा चक्क उत्तीर्ण झाले होते! पुस्तके पाठ करून कागदावरची परीक्षा साधली, पण रुग्णाच्या खाटेपाशी आवश्यक तास त्यांनी कधी घालविलेच नव्हते. परीक्षेचा निकाल विश्वासार्ह असला तरी शिक्षण झाले आहे की नाही हे त्यातून कळेलच असे नाही, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

तेव्हा दुसरी चौकशी रुग्णालयाची. भारतीय परिचर्या परिषदेचा सर्वसाधारण निकष असा की, विद्यालयास निदान १०० खाटांचे रुग्णालय जोडलेले असावे, त्यातील पंचाहत्तर टक्के खाटा भरलेल्या असाव्यात, शिकणाऱ्या प्रत्येकीमागे तीन रुग्ण असावेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असावा. तीस रुग्णांच्या कक्षात दहा मुली शिकू शकतात. तेथे तीस मुली उभ्या असतील तर त्यांतल्या वीस जणी केवळ पाहत आहेत असे समजा. हे मोजायला शिक्षण लागत नाही. ज्याने बाजार समितीत कांद्याच्या गोण्या मोजल्या आहेत, त्याला खाटा मोजता येतात. सकाळच्या वेळी जावे, कक्षात डोकावावे, एखाद्या मुलीला विचारावे, ‘‘बाळ, आजवर किती बाळंतपणे तू स्वतः पाहिलीस?’’ ती पटकन आकडा सांगते की अध्यापिकेकडे पाहते, एवढे ध्यानात घ्यावे.

हजेरीचीही गोष्ट आहे. परीक्षेस बसण्यासाठी ऐंशी टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकाचे सर्व तास पूर्ण झाल्यावाचून प्रमाणपत्र मिळत नाही, असा नियम आहे. ‘‘हजेरीची काळजी करू नका, आम्ही सांभाळून घेऊ,’’ असे सांगणारी संस्था भेटली, तर तिच्या उंबऱ्यावरूनच परत फिरावे. जी संस्था हजेरी सांभाळून घेते ती पुढे निकालही सांभाळून घेते, आणि आपली लेक एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळीला एकटी असेल तेव्हा तिला सांभाळून घेणारे कोणीही नसते.

आपल्या जिल्ह्याला या कामाची परंपरा आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला आणि लिहिता-वाचताही न येणाऱ्या स्त्रियांना गावाच्या आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांकडे पदविका नव्हत्या. त्यांचे शिक्षण मात्र दर आठवड्याला, प्रत्यक्ष कामातून आणि सतत तपासणीखाली होत होते. याउलट आज पदविका मुबलक आहेत आणि तपासणी मात्र आपणच करायची आहे.

ग्रामपंचायत सदस्यांना एक विनंती. गावात एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी प्रवेशासाठी फिरू लागला की, त्याला ग्रामपंचायतीत बोलवावे आणि मान्यतेचे चालू वर्षाचे पत्र मागावे. पत्र परिषदेचे आहे की ‘शासनमान्य’ एवढेच शब्द छापलेला कागद आहे, हे पाहावे. शासनमान्य हा शब्द फार लवचीक झाला आहे. संस्था सोसायटी म्हणून नोंदलेली असली तरी तो वापरला जातो. मुख्याध्यापकांनी परिषदेच्या मान्यताप्राप्त विद्यालयांची यादी काढून शाळेच्या फलकावर लावावी. बारावीच्या निकालानंतर नव्हे, परीक्षेच्या आधी. कारण निकालानंतरच्या आठ दिवसांत घराघरांत इतकी घाई असते की यादी कोणी वाचत नाही.

माझ्या भाचीचे पुढे काय झाले, असे सभेपूर्वी एका बाईंनी विचारले. तिने एक वर्ष घरी काढले. मग पुन्हा जी.एन.एम.ला प्रवेश घेतला. या वेळी मेहुण्यांनी माझा सल्ला घेतला नाही. ते स्वतः तीन ठिकाणी गेले, कक्षांतून हिंडले, खाटा मोजल्या आणि एका वहीत प्रवेश व निकालाचे आकडे लिहून आणले. ती तीन वर्षांत उत्तीर्ण झाली. नोंदणी झाल्याचे कळले त्या दिवशी तिने मला दूरध्वनी केला आणि इतर काही न बोलता आपला नोंदणी क्रमांक दोनदा वाचून दाखविला. मेहुण्यांची ती वही मी मागून घेतली आहे, आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी सभा संपल्यावर टेबलापाशी यावे.