जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

(पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी दाखल्यासाठी आलेला शेतकरी ग्रामपंचायतीच्या बाकावर ताटकळत बसतो, कारण संगणक अद्याप ‘उघडत’ असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी खरेदी केलेले असे संगणक शाळांतून व कार्यालयांतून आजही आहेत. ते निकामी झाले, नवे द्या, अशी मागणी येते. ती पुढे पाठविण्यापूर्वी संथपणाचे कारण पाहावे.

पुष्कळदा दोष प्रोसेसरचा नसून हार्ड डिस्कचा असतो. तीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि एक सूक्ष्म शीर्ष त्यांवर माहिती शोधत हिंडते. ग्रामोफोनची सुई आठवावी. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या डिस्कपासून तत्त्व हेच आहे. एका शोधास सुमारे १० ते १५ सहस्रांश सेकंद लागतात. हा काळ नगण्य वाटेल. परंतु संगणक सुरू होताना असे शोध हजारोंनी घ्यावे लागतात. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा भागच नाही. माहिती चिपांमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहते आणि तिचा शोध शंभरपट वा त्याहून त्वरेने लागतो. म्हणून तोच जुना संगणक मिनिटांऐवजी सेकंदांत कामाला लागतो.

अशा संगणकांत साटा जोडणी बहुधा असतेच. तिला अडीच इंची ड्राइव्ह चालतो. त्याहून वेगवान, महाग प्रकार घेण्याचे कारण नाही. जुन्या मदरबोर्डवर त्याला जागाही नसते. कार्यालयीन कामास २५६ जीबी पुरेत. समारंभांची छायाचित्रे साठवायची असतील तर गोष्ट वेगळी!

मात्र आधी सर्व माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी घ्यावी. हा ड्राइव्ह पूर्वसूचना न देताही बंद पडू शकतो. शिवाय वीज न देता तो वर्षानुवर्षे कपाटात ठेवल्यास त्यातील माहिती नष्ट होण्याचा संभव असतो. दप्तर जतन करण्याचे ते साधन नव्हे.

आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ड्राइव्ह बदलल्याने ही उणीव भरून निघत नाही. नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या व इंटरनेटला जोडलेल्या अशा संगणकावर केवळ वेगासाठी खर्च करणे मला उचित वाटत नाही. तेथे लिनक्स बसविता येईल. पण आपल्या विभागाची प्रणाली त्यावर चालते का, हे प्रथम तपासावे. शाळेत टंकलेखन व गणिताच्या सरावासाठी, इंटरनेटविना चालणाऱ्या संगणकाला मात्र हा बदल अवश्य करावा.

काढलेली डिस्क कोपऱ्यात टाकून देऊ नये. फाइली ‘डिलीट’ केल्या तरी मजकूर तीत उरतो आणि तो परत मिळविता येतो. ती पूर्णतः पुसावी अथवा नष्ट करावी, जडवस्तुसंग्रह नोंदवहीत नोंद घ्यावी आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावी.