शोभेची दारू आणि पहिली वीस मिनिटे
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे दार बंद असते. आणि फटाक्यांनी मुलांचे हात भाजतात तेही याच दिवसांत. म्हणून या विषयाचा पाठ सुट्टी लागण्यापूर्वीच झाला पाहिजे. शिक्षकाने तो दिला नाही, तर पुष्कळ घरांतून तो देणारे दुसरे कोणी नसते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारूकाम होते, परंतु धोका त्या रात्रीबरोबर संपत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मुले रस्त्यावरील न वाजलेले फटाके वेचीत हिंडतात. ज्यांच्या घरी फटाके आलेच नाहीत, अशी मुले त्यांत सहसा पुढे असतात. वेचलेले फटाके सोलावयाचे, आतील दारू कागदावर जमवावयाची आणि तिला काडी लावावयाची, असा हा खेळ असतो. वातीचे काम पेटवणाऱ्याला दूर जाण्यास अवधी देणे हे होय. येथे वात नसते. दारू क्षणार्धात भडकते आणि वाकून पाहणाऱ्या मुलाचे तोंड, पापण्या व बोटे होरपळतात.

‘असे करू नका’ एवढे सांगून भागत नाही. कारणही सांगितले पाहिजे. काळ्या दारूत साधारणपणे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. जळण्यास लागणारा प्राणवायू तिला सोऱ्यातूनच मिळतो. यास्तव ती डब्यात वा बाटलीत कोंडली तरी विझत नाही. उलट वायू कोंडून स्फोट होतो आणि पत्र्याचे व काचेचे तुकडे उडतात. फुलबाजी निरुपद्रवी समजून लहानग्यांच्या हाती देतात; परंतु पाणी १०० अंशांवर उकळते, तर फुलबाजीची उष्णता १००० अंशांच्याही वर जाते. ती विझल्यावरही तिची तार बराच वेळ तापलेली असते.

यावरून नियम सहज निघतात. फटाके मोकळ्या जागी, वडील माणसांच्या देखत उडवावेत. हे दिवस सुगीचे असतात. म्हणून कडब्याची गंजी, गवताचे छप्पर व खळे यांपासून दूरची जागा निवडावी. अंगात सुती, अंगासरशी कपडे असावेत. नायलॉनचा कपडा वितळून कातडीस चिकटतो. फटाका जमिनीवर ठेवून लांब उदबत्तीने पेटवावा, त्यावर वाकू नये. जवळ पाण्याची बादली असावी व विझलेल्या फुलबाज्या तीतच टाकाव्यात. न वाजलेल्या फटाक्याजवळ अर्धा तास कोणी जाऊ नये. नंतर त्यावर लांबूनच भरपूर पाणी ओतावे. रात्रीच हे काम मोठ्यांनी उरकले, तर सकाळी वेचण्यास काही उरत नाही. वेळेचेही बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजी फटाक्यांस मनाई केली आणि २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली.

इतके करूनही अपघात घडलाच, तर काय करावे? कपड्यांनी पेट घेतल्यास मुलाने धावू नये. धावल्याने ज्वाला वाढते. त्याने तेथेच जमिनीवर पडून लोळावे; इतरांनी त्यावर घोंगडी टाकावी किंवा पाणी ओतावे.

ज्वाला विझली तरी कातडीत शिरलेली उष्णता आपले काम करीतच राहते. ती काढून घेण्याचे साधन म्हणजे साधे, स्वच्छ, थंड पाणी. भाजलेल्या भागावर ते वीस मिनिटे सावकाश वाहू द्यावे. नळ नसेल तर घागर व तांब्या पुरे. सुजेपूर्वी अंगठी, बांगड्या, करगोटा काढावा. चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. मूल लहान असल्यास बाकीचे अंग पांघरुणाने उबदार ठेवावे. नंतर जखमेवर स्वच्छ, सुती कापड सैल झाकावे; कापूस लावू नये, फोड फोडू नयेत.

आपल्याकडे भाजले की हळद, तेल, शाई, दंतमंजन, शेण यांपैकी काहीतरी लावण्याची चाल आहे. त्यामागे माया असते, पण उपाय चुकीचा असतो. त्याने उष्णता आत कोंडते, जखम दूषित होते, आणि डॉक्टरांना तो लेप खरवडून काढावा लागतो. बर्फानेही कातडीस इजा होते.

मुलाच्या स्वतःच्या बोटांसह पंजाएवढी जागा म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे शंभरावा भाग. तेवढी किंवा त्याहून मोठी जखम असल्यास, अथवा तोंड, हात, पाय, सांधे भाजले असल्यास, पाणी ओतून झाल्यावर मुलाला दवाखान्यात न्यावेच. जखम पांढरी वा काळी पडून दुखेनाशी झाली, तर ती खोल आहे असे समजावे. वेदना नाही म्हणून स्वस्थ बसू नये. डोळ्यास इजा झाल्यास तो चोळू वा दाबू नये, त्यात दूध, तूप घालू नये. विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा. धनुर्वाताच्या लसीविषयीही डॉक्टरांस विचारावे.

आणखी एक गोष्ट राहते. भाजलेले मूल पुष्कळदा मार बसेल या भीतीने हात पाठीमागे लपवते, आणि पाण्याची ती मोलाची मिनिटे निघून जातात. ‘भाजले तर आधी सांगा, कोणी रागावणार नाही,’ हे शिक्षकाने वर्गात सांगावे व पालकसभेत पालकांकडून कबूल करून घ्यावे. ज्या मुलाने सोललेल्या फटाक्यास काडी लावली, त्याचाही हात आधी पाण्याखाली जावा. बोध नंतर करता येईल.

पाठ सोपा आहे. सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी वर्गात बादली, तांब्या व घड्याळ ठेवावे. एका मुलाने हात पुढे करावा, दुसऱ्याने त्यावर पाणी ओतावे, इतरांनी वीस मिनिटे मोजावीत. वीस मिनिटे किती लांब असतात, हे त्यांना तेव्हाच उमगते. मग ती मुले घरी जाऊन आजीच्या हातातील हळदीची वाटी नम्रपणे बाजूला ठेवतील व पाण्याची घागर पुढे करतील. सुट्टी संपून शाळा भरेल तेव्हा पाटीवर लिहिणारे सगळे हात धड असावेत, यासाठी एवढा पाठ पुरेसा आहे.